निवृत्त वाचकाचा शेरा : रायपूर आणि काही कादंबऱ्या

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांत मराठी समीक्षेने वाचक या घटकाची बरीच चर्चा केली. लेखक आणि साहित्यकृती यांच्या जोडीने वाचकालाही अर्थनिर्मितीत वाटा मिळाला. 'अभिप्रेत वाचक', 'आदर्श वाचक' यांसारख्या संज्ञा विद्यापीठीय लेखनात रुळल्या. या संज्ञांतला वाचक मात्र विलक्षण निराकार आहे. त्याला वय नसते, गाव नसते. त्याने कधी नोकरी केलेली नसते, त्यामुळे तो कधी निवृत्तही होत नाही. संहितेने मागितलेली प्रत्येक क्षमता त्याच्याजवळ असते आणि संहितेने न मागितलेली एकही आठवण त्याच्याजवळ नसते. ग्रंथालयात दुपारच्या वेळी चष्मा पुसत बसलेला, अठ्ठावन्न किंवा साठ वर्षांपर्यंत कुठल्यातरी कार्यालयात हजेरीपटावर सही करीत आलेला, आणि आता महिन्याला दोन-तीन कादंबऱ्या वाचून त्यांविषयी ठाम मते बाळगणारा मनुष्य या सिद्धान्तचर्चेत कोठेच बसत नाही. त्याच्या बोलण्याला 'वैयक्तिक मत' असे म्हटले जाते, आणि असे म्हटले की ते बाजूला ठेवता येते.

ते इतक्या सहज बाजूला ठेवता येईल का, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे. मराठी कादंबरीच्या समीक्षेचा उगम तरी अशाच वैयक्तिक मतांत आहे. का. बा. मराठे यांचा नावल व नाटक यांविषयीचा निबंध १८७२ चा आणि वि. का. राजवाडे यांचा 'कादंबरी' हा निबंध १९०२ चा. राजवाडे इतिहाससंशोधक होते. दप्तरे धुंडाळणे हा त्यांचा उद्योग. कादंबरीविषयी त्यांनी जे लिहिले ते भरपूर वाचलेल्या आणि आपल्या आवडीनिवडी लपवण्याची गरज न वाटणाऱ्या माणसाचे लेखन आहे. त्यांची मते तिखट आहेत, काही एकांगी आहेत. तरीही त्या निबंधाला वगळून मराठी कादंबरीविचाराचा इतिहास लिहिता येत नाही. याच सुमारास रायपूरच्या परिसरात मराठीभाषक माणसे हिंदीत असेच काम करीत होती. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगड मित्र' हे मासिक काढले, वामनराव लाखे त्याचे प्रकाशक होते. १९०२ च्या अखेरीस ते बंद पडले. जेमतेम तीन वर्षांच्या त्या आयुष्यात त्याने पुस्तकांच्या गुणदोषांची परखड चर्चा करणारी जी परीक्षणे छापली, त्यांना हिंदी समीक्षेच्या आरंभकाळात मानाचे स्थान दिले जाते.

रायपूरचा उल्लेख केवळ योगायोगाने आलेला नाही. या शहरातील मराठी माणसाचा इतिहास हा मुख्यतः नोकरीचा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर बसला तेव्हा वसुली आणि दप्तर सांभाळणारी माणसे त्याच्याबरोबर आली. पुढे ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात रायपूरचा कारभार नागपूरहून चालू लागला आणि कचेरी, शाळा, न्यायालय, रेल्वे यांतून मराठी कुटुंबांची आणखी एक लाट आली. १९३५ मध्ये येथे महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात आणि रायपूर दुसऱ्या राज्यात गेले; सेवापुस्तिका हिंदीत आणि घरातली पत्रे मराठीत, अशी एक दुभंगलेली लेखनसृष्टी या कुटुंबांच्या वाट्याला आली. तेव्हा रायपूरचा निवृत्त मराठी वाचक म्हटला की तो दोन भाषांत वाचणारा, महाराष्ट्रातल्या वाङ्मयीन वादांपासून दूर असलेला आणि आयुष्याचा मोठा भाग टिपणी, शेरा, तपशील, खुलासा या लेखनप्रकारांत घालवलेला वाचक असतो. 'शेरा' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कार्यालयीन शेरा हे एका व्यक्तीचेच मत असते. पण त्याखाली सही असते, तारीख असते, आणि प्रकरण वर गेले तर त्याचे कारण द्यावे लागते. जबाबदारी न घेणारे मत आणि सहीनिशी दिलेले मत यांतला हा फरक समीक्षेलाही उपयोगी पडणारा आहे.

अशा वाचकाच्या हाती विनोदकुमार शुक्ल यांची 'नौकर की कमीज' ही कादंबरी आली की काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. शुक्ल राजनांदगावचे, जन्म १ जानेवारी १९३७ चा. रायपूरच्या कृषी विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले, निवृत्तीनंतरही ते याच शहरात राहिले आणि डिसेंबर २०२५ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत संतू बाबू नावाचा एक सरकारी कारकून आहे. साहेबांनी आदर्श नोकरासाठी एक सदरा शिवून घेतला आहे. त्या मापाचा नोकर मिळत नाही, आणि सदरा संतू बाबूच्या अंगात बरोबर बसतो. माणसासाठी कपडा नव्हे, तर कपड्यासाठी माणूस, ही उलटापालट शुक्ल इतक्या साध्या स्वरात मांडतात की प्रथम वाचताना तिची भीती जाणवतच नाही. समीक्षेने या सदऱ्याला प्रतीक मानले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याने पस्तीस वर्षे कारकुनी केली त्याला सदरा प्रतीक वाटण्यापूर्वी सदरा वाटतो. साहेबांच्या घरचे लग्न, साहेबांच्या मुलाचा प्रवेश, साहेबांच्या बंगल्यातली बाग यांसाठी वापरला गेलेला कार्यालयीन वेळ त्याला ठाऊक असतो. त्या वेळेची नोंद कोणत्याही नस्तीत नसते. कादंबरीने ती नोंद केली, हा त्याचा पहिला अभिप्राय असतो आणि तो वाङ्मयीन अभिप्रायच आहे; कारण कादंबरी नावाचा प्रकार, अन्यत्र नोंद होत नाही अशा गोष्टींच्या नोंदीसाठीच बराचसा अस्तित्वात आला.

याच कादंबरीबद्दल निवृत्त वाचकाची एक तक्रारही संभवते : 'एवढे सगळे होऊनही हा कारकून चिडत का नाही? बदली मागत का नाही?' ही तक्रार वास्तववादाच्या जुन्या शिकवणीतून येते. मराठी वाचकाला हरिभाऊ आपट्यांपासून संघर्षाची सवय आहे. पात्राने एकतर लढावे किंवा मोडून पडावे. शुक्लांचे पात्र यांपैकी काहीच करीत नाही, ते विचार करीत राहते, आणि तो विचारही पाऊस, गळके छप्पर, भाजी असल्या गोष्टींभोवती फिरतो. येथे वाचकाची सवय कादंबरीच्या रीतीशी अडखळते. अडखळल्याचे जो प्रामाणिकपणे सांगतो त्याचे मत कादंबरीविषयी काही शिकवते; जो 'संथ आहे' एवढे म्हणून पुस्तक परत करतो त्याचे मत केवळ त्याच्याविषयी शिकवते.

आणखी एक बाजू आहे, आणि ती 'निवृत्त वाचक' या कल्पनेचीच मर्यादा दाखवते. या कादंबरीत संतू बाबूची पत्नी घरमालक डॉक्टरांच्या घरातल्या कामांत हळूहळू ओढली जाते. नवऱ्याच्या अंगावरचा सदरा दिसतो, तिचा दिसत नाही. निवृत्त होण्यासाठी आधी नेमणूकपत्र असावे लागते; जिच्या कामाला नेमणूक नाही तिला निवृत्ती नाही आणि दुपारचा मोकळा वेळही बेताचाच. 'आपण आता वाचायला मोकळे झालो' हे वाक्य कुणाच्या श्रमावर उभे असते, हे ही कादंबरी न सांगता सांगते.

'अलीकडे वाचलेली कादंबरी' या शब्दप्रयोगाकडेही थोडे नीट पाहिले पाहिजे. परीक्षणाच्या दृष्टीने अलीकडची कादंबरी म्हणजे अलीकडे छापलेली. निवृत्त वाचकाच्या दृष्टीने ती अलीकडे हाती आलेली. तिचे प्रकाशनवर्ष चाळीस वर्षांपूर्वीचे असू शकते, आणि पुष्कळदा ती दुसऱ्यांदा वाचलेली असते. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये आली आणि 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' २०१० मध्ये. ज्याने विसाव्या वर्षी पांडुरंग सांगवीकर वाचला, तो सदुसष्टाव्या वर्षी खंडेरावापर्यंत पोहोचला. या दोन टोकांच्या मध्ये त्याची संपूर्ण नोकरी येऊन गेलेली असते. असा वाचक 'हिंदू' वाचून पुन्हा 'कोसला'कडे वळला, तर त्याला तीच कादंबरी सापडत नाही. विसाव्या वर्षी पांडुरंगाचे वसतिगृहातले दिवस, त्याचे उधळणे, त्याचा तिरकसपणा आपला वाटतो, आणि वडील हे केवळ पैसे पाठवणारे व जाब विचारणारे अडथळे वाटतात. सदुसष्टाव्या वर्षी त्याच पानांवर मनीऑर्डर पाठवणाऱ्याचा हात दिसू लागतो. वडिलांचा व्यवहारीपणा, त्यांचे मौन, मनीच्या मृत्यूनंतरचे घर, हे सगळे कादंबरीत आधीपासून होतेच; निवेदकाने ते आपल्या तरुण रागाच्या आड ठेवले होते. निवेदकाच्या विश्वासार्हतेविषयी समीक्षाग्रंथांतून जे शिकवावे लागते ते या वाचकाला नुसत्या वयाने कळते. तेव्हा पुनर्वाचन करणाऱ्या वृद्ध वाचकाचे मत हे समीक्षेच्या दृष्टीने दुर्मिळ साधन आहे. एकाच संहितेची दोन वाचने, मध्ये सत्तेचाळीस वर्षांचे अंतर, आणि वाचक एकच : असा प्रयोग कोणत्याही विद्यापीठाला करता येणार नाही.

अर्थात याचा उलट परिणामही होतो. 'हिंदू'बद्दल या पिढीच्या वाचकाची निराशा पुष्कळदा 'हिंदू'मुळे नसते. त्याला पुन्हा 'कोसला' हवी असते, खरे तर पुन्हा विसावे वर्ष हवे असते. ते कादंबरीकाराने द्यावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

साहित्य अकादेमीच्या १९९९ च्या पुरस्कारांकडे रायपूरहून पाहिले तर एक मौजेची जोडी दिसते. त्या वर्षी हिंदीचा पुरस्कार शुक्ल यांच्या 'दीवार में एक खिड़की रहती थी' या १९९७ च्या कादंबरीला मिळाला आणि मराठीचा रंगनाथ पठारे यांच्या 'ताम्रपट' या १९९४ च्या कादंबरीला. एकीत एक खोली आहे, गणित शिकवणारा तरुण रघुवरप्रसाद आणि त्याची पत्नी सोनसी आहे, आणि भिंतीतली एक खिडकी आहे. तिच्यातून पलीकडे उतरले की तळी, झाडे आणि एक प्रेमळ म्हातारी असलेले निराळेच जग लागते. महाविद्यालयात जायला वाहन नाही, तर एक साधू आपल्या हत्तीवरून त्याला सोडतो. दुसरीत बेचाळीसच्या चळवळीपासून पुढच्या सुमारे चार दशकांचा महाराष्ट्र आहे : स्वातंत्र्यसैनिक, सहकार, शिक्षणसंस्था, निवडणुका, आणि ध्येयवादाचे सत्तेत होणारे रूपांतर. एक कादंबरी आकाराने एवढीशी, दुसरी प्रचंड. एकीत राजकारणाचा शब्द नाही, दुसरीत राजकारणाबाहेर फारसे काही उरत नाही.

दोन्ही भाषा वाचणारा निवृत्त वाचक या दोहोंपैकी 'ताम्रपट'ला अधिक मान देईल, हे जवळजवळ गृहीत धरता येते. ती त्याच्या काळाची कादंबरी आहे, त्यातल्या संस्था त्याने पाहिल्या आहेत, त्यातल्या माणसांचे नमुने त्याच्या कार्यालयात येऊन गेले आहेत. शिवाय त्याच्याजवळ वेळ आहे. 'ताम्रपट'सारख्या विस्तीर्ण कादंबरीला लागणारा सलग, बिनघाईचा वेळ नोकरदार वाचकाजवळ नसतो आणि विद्यार्थ्याजवळ परीक्षेमुळे नसतो. मोठी कादंबरी पुरी वाचणारा हा समाजातला जवळजवळ शेवटचा वर्ग आहे. तथापि मान देणे वेगळे आणि पुन्हा उघडणे वेगळे. शुक्लांची कादंबरी प्रथम वाचताना त्याला बालिश वाटू शकते. हत्तीवरून नोकरीला जाणारा प्राध्यापक हा त्याच्या अनुभवाच्या कसोटीला उतरणारा नव्हे. परंतु ज्याचे वाहन, साहेब आणि वेळापत्रक सुटले आहे त्यालाच ही खिडकी खरी वाटण्याची शक्यता अधिक. रघुवरप्रसादाच्या घरात पैसा नाही, जागा नाही, पण वेळ आहे, आणि तो वेळ दोन माणसे एकमेकांना देतात. साठीनंतर माणसाला या देवघेवीची किंमत कळते. या कादंबरीला अलीकडे तरुण वाचकही फार मोठ्या संख्येने मिळाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये रायपूरच्याच एका समारंभात शुक्ल यांना प्रकाशकाने ३० लाख रुपयांचे मानधन दिले, तेव्हा हिंदीत या वाचकवर्गाची पुष्कळ चर्चा झाली. निवृत्त वाचक आणि वीस वर्षांचा वाचक एका पुस्तकावर भेटतात, आणि भेटतात ते दोघांनाही अजून वा आता नोकरी नाही म्हणून, असे थट्टेने म्हणता येईल. थट्टेत थोडे तथ्य आहे.

आतापर्यंत निवृत्त वाचकाच्या बाजूने बोलणे सोपे होते, कारण तो कारकून होता, सदरा चढवला गेलेला होता. परंतु नोकरी ही केवळ सोसण्याची गोष्ट नसते. नोकरीत माणूस दुसऱ्यांवर सह्याही करतो. रायपूरपासून सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरवर नवा रायपूर उभे आहे. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्याच्या राजधानीसाठी हे नगर आखले गेले, २०१२ मध्ये मंत्रालय 'महानदी भवना'त गेले, २०१८ मध्ये नगराला अटलनगर हे नाव जोडले गेले, आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी विधानसभेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. रुंद रस्ते, सेक्टरांचे क्रमांक, कृत्रिम तळी. या क्रमांकांखाली गावे आहेत. त्या गावांच्या शेतजमिनी राजधानीसाठी घेतल्या गेल्या आणि मोबदला व पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी जानेवारी २०२२ मध्ये तेथील शेतकरी दीर्घ धरण्याला बसले. जमीन घेण्याचे काम कागदावर होते. कागद तलाठ्यापासून सचिवापर्यंत फिरतो, आणि प्रत्येक पायरीवर कुणाचा तरी शेरा असतो. त्या पायऱ्यांवरची काही माणसे आता निवृत्त आहेत आणि कादंबऱ्या वाचतात.

अशा वाचकापुढे विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ठेवून पाहावी. १९९१ ची ही कादंबरी धरणाखाली जाणाऱ्या गावाची आणि त्याच्या पुनर्वसनाच्या विटंबनेची कथा सांगते; १९९२ चा अकादेमी पुरस्कार तिला मिळाला. लेखक स्वतः महसूल प्रशासनातले अधिकारी असल्यामुळे नोटिसा, मोजण्या, पंचनामे, मोबदल्याचे तक्ते यांची भाषा तिच्यात नेमकी उतरली आहे. निवृत्त महसूल कर्मचाऱ्याला ही भाषा पाठ असते. म्हणूनच त्याचे मत येथे सर्वांत माहितगार आणि सर्वांत कमी विश्वसनीय असण्याचा संभव आहे. 'असे प्रत्यक्षात होत नाही', 'नियमात तशी तरतूद आहे', 'लेखकाने एकच बाजू मांडली', ही वाक्ये वाङ्मयीन आक्षेपासारखी ऐकू येतात. वस्तुतः ती खुलाशाची वाक्ये आहेत. कारणे दाखवा नोटिशीला द्यायचे उत्तर तो कादंबरीला देत असतो. उलट त्याच वाचकाने जर असे म्हटले की अमुक पानावरची नोटीस चुकीच्या कलमाखाली आहे, पण ती ज्या दिवशी बजावली जाते तो पेरणीचा दिवस असणे हे मात्र अगदी बरोबर आहे, तर ते मत कोणत्याही अभ्यासकाच्या टीपेपेक्षा मोलाचे ठरेल. पहिल्या मतात वाचक कादंबरीचा न्यायाधीश आहे. दुसऱ्यात तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला उलटतपासणी चुकत नाही.

'झाडाझडती'शी भांडता येते, कारण तिच्यात कार्यालय आहे. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीशी, जिला २०२३ चा अकादेमी पुरस्कार मिळाला, असे भांडता येत नाही. येथेही धरणामुळे गाव उठले आहे, परंतु कादंबरी सुरू होते ती उठून गेल्यानंतर. मागे राहिलेली म्हैस परत आणण्यासाठी देवाप्पा आपल्या सोडलेल्या गावात जातो. म्हैस आता रानटी झाली आहे, ती धन्याला ओळखत नाही, किंवा ओळखूनही जुमानत नाही. नोटीस नाही, तक्ता नाही, अधिकारी समोर नाही. खुलासा द्यावा असे काही मागितलेच जात नाही. निवृत्त अधिकाऱ्याच्या अनुभवाची सर्व हत्यारे येथे म्यानात राहतात आणि त्याला एका जनावराच्या डोळ्यांतून प्रकरणाच्या शेवटच्या पानापलीकडे पाहावे लागते, जेथे दप्तर बंद झालेले असते. 'झाडाझडती' श्रेष्ठ की 'रिंगाण', हा वाद त्यामुळे केवळ तंत्राचा राहत नाही. पाटलांच्या कादंबरीचे बळ तिच्या तपशिलात आहे आणि तो तपशील वाचकाला पक्ष घ्यायला लावतो. काही ठिकाणी तो इतका दाटतो की पात्रे प्रकरणांची उदाहरणे होऊन जातात. खोतांनी तपशील जवळजवळ टाकून दिला आणि माणूस व जनावर यांच्यातल्या ओढाताणीवर संपूर्ण भार ठेवला. ती जोखीम मोठी होती. परिणामाच्या दृष्टीने 'रिंगाण' अधिक खोल जाते असे म्हणावे लागते, आणि ज्याने आयुष्यभर तपशिलावर विश्वास ठेवला त्या वाचकाला हे मान्य करणे जड जाईल, हेही समजण्यासारखे आहे. ते मान्य करणारा निवृत्त अधिकारी नवा रायपूरच्या रस्त्याने जाताना सेक्टरच्या पाट्या पूर्वीसारख्या वाचू शकणार नाही. या वाचकाचे वैयक्तिक मत येथे पणाला लागते. कादंबरीने त्याच्या नोकरीची झडती घ्यावी की नाही, एवढाच तो प्रश्न आहे.

नंदा खरे यांची 'उद्या' ही आणखी एक कादंबरी या संदर्भात आठवते. खरे व्यवसायाने बांधकाम अभियंता. उतारवयात त्यांनी जी कादंबरी लिहिली ती गतकाळाची नाही, उद्याची आहे, तंत्रज्ञान आणि भांडवल यांनी माणसांवर ठेवलेल्या पाळतीची. २०२० चा अकादेमी पुरस्कार त्यांनी स्वीकारला नाही. निवृत्तीच्या वयात माणूस मागेच पाहतो हा समज मोडायला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

समज मात्र निराधार नाही. निवृत्त मराठी वाचकाच्या पसंतीत ऐतिहासिक आणि चरित्रात्मक कादंबरीला फार वरचे स्थान असते. नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या प्रारंभकाळातच 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' यांच्या रूपाने तीन वेगळे प्रवाह दाखवले. निवृत्त वाचक बोलताना पहिल्याची बाजू घेतो आणि ग्रंथालयातून नेताना तिसऱ्याचे पुस्तक नेतो. यात दांभिकता असतेच असे नाही. ज्याचा वर्तमानकाळ घरातल्या एका खुर्चीपुरता आटला आहे त्याला गतकाळ प्रशस्त वाटतो. फक्त त्या प्रशस्तपणाला 'आजकाल असे कोणी लिहीत नाही' या निर्णयाचे रूप आले की मत संपते आणि उसासा सुरू होतो. उसाशाखाली सही नसते.

सहीनिशी केलेल्या वाचनाचे नमुने मराठीत आहेत. गोविंद तळवलकर १९९६ मध्ये संपादकपदावरून निवृत्त झाले आणि अमेरिकेत राहूनही २०१७ पर्यंत, म्हणजे निधनापर्यंत, ग्रंथांविषयी लिहीत राहिले. त्यांचा रोख मात्र इतिहास व राजकारण यांकडे अधिक. या विषयाला अधिक जवळचे उदाहरण सतीश काळसेकरांचे आहे. १९४३ साली जन्मलेले काळसेकर कवी होते आणि बँकेत नोकरी करीत होते. नोकरी सुटल्यानंतरच्या काळात 'आपले वाङ्मय वृत्त'मधून त्यांनी जे सदर लिहिले त्याचे 'वाचणाऱ्याची रोजनिशी' हे पुस्तक २०१० मध्ये आले आणि २०१३ चा अकादेमी पुरस्कार त्याला मिळाला. शीर्षकातला 'वाचणारा' हा शब्द अर्थपूर्ण आहे : वाचक नव्हे, समीक्षक तर नव्हेच, क्रिया चालू असलेला माणूस. पुस्तक कसे मिळाले, कुणी सांगितले, कोणत्या पुस्तकाने कोणत्या दुसऱ्या पुस्तकाकडे नेले, याची हकिगत तेथे मतापासून वेगळी काढता येत नाही. टीका करणाऱ्याने आपली शिडी लपवायची असते असा विद्यापीठीय संकेत आहे. काळसेकर शिडी दाखवतात. काही वेळा शिडीच अधिक दिसते आणि पुस्तक कमी, हा त्या रीतीचा दोष. पुस्तकाविषयीचे प्रेम त्यांच्या ठायी इतके आहे की नापसंतीचे शब्द विरळा येतात, आणि निवृत्त वाचकाजवळ असलेले भिडेतून सुटण्याचे स्वातंत्र्य त्यांनी पुरते वापरले नाही असे वाटते.

भीड न धरणारी रोजनिशी पाहायची तर पुन्हा छत्तीसगडकडे यावे लागते. गजानन माधव मुक्तिबोध, घरची भाषा मराठी आणि लेखनाची हिंदी, १९५८ पासून राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवीत होते. त्यांची 'एक साहित्यिक की डायरी' १९६४ मध्ये, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, पुस्तकरूपात आली. तीत मते आहेत, पण प्रत्येक मताशी वाद घालणारा दुसरा आवाजही आहे. लिहिणारा स्वतःच्या निवाड्याला पुन:पुन्हा कटघऱ्यात उभा करतो. मुक्तिबोधांना निवृत्ती लाभली नाही, सत्तेचाळिसाव्या वर्षात ते गेले. विनोदकुमार शुक्लांच्या कवितेला सुरुवातीला ज्यांनी ओळखले त्यांत ते होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत 'क्षिप्रा'सारखी कादंबरी आणि साहित्यमूल्याचे विवेचन लिहीत राहिले. एकाच घरात दोन भाषांच्या समीक्षा नांदल्या, आणि दोहोंनाही आपले मत तपासल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. रायपूरच्या वाचकाला हा वारसा शंभर किलोमीटरच्या आत उपलब्ध आहे.

या वाचकाची शेवटची अडचण भाषेची आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. तीन-चार पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कुटुंबाची मराठी ही बरीचशी जुन्या पुस्तकांची आणि नागपुरी वळणाची असते. तिला शुक्लांची हिंदी परकी नाही, 'नौकर की कमीज'मधले कार्यालय तर मुळीच नाही. परंतु 'रिंगाण'मधली कोल्हापूरकडची बोली वाचताना तिला ओळीओळीला थांबावे लागते. 'ही कसली मराठी?' असा उद्गार तेथे निघू शकतो, आणि प्रमाणभाषेच्या अभिमानाने तो निघाला तर त्यावर वाद घालण्यासारखे काही नाही. पण मातृभाषेतली कादंबरी परभाषेतल्या कादंबरीपेक्षा कठीण जाते, ही ज्याची खरीखुरी वाचनघटना आहे त्याने ती तशीच नोंदवली पाहिजे. म्हशीला हाका मारणारा देवाप्पा आणि त्याच्या हाका नीट न कळणारा, तरीही पान न मिटणारा रायपूरचा वाचक यांच्यातले अंतर मराठी कादंबरीच्या कोणत्याही इतिहासात अद्याप मोजले गेलेले नाही. मोजायचे झाले तर सुरुवात त्या वाचकाच्या वहीपासून, त्याने अडलेल्या शब्दांखाली ओढलेल्या रेघांपासून करावी लागेल.